ब्रेव्हिअरी: जाडजूड पुस्तकाला ‘थोडक्यात’ हे नाव कसं पडलं

अमरावतीहून परतवाड्याला जाणाऱ्या एसटीत कधी तरी एखादे फादर शेजारी बसलेले असतात. वलगाव मागं पडलं की ते पिशवीतून एक पुस्तक काढतात. काळं रेग्झिनचं कव्हर, आकारानं आटोपशीर पण जाडीला भरपूर. पानांच्या कडांना सोनेरी मुलामा असतो आणि रोज जिथं अंगठा टेकतो तेवढ्या पट्ट्यात तो उडून कागद काळपट दिसत असतो. खालून पाच-सहा रंगीत फिती लोंबतात. फादर एका फितीपाशी पुस्तक उघडतात, थोडं वाचतात, दुसऱ्या फितीवर जातात, मग परत पहिलीवर येतात. ओठ हलतात, आवाज येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत पुस्तक मिटून पिशवीत जातं. शेजारचा माणूस विचारतो, “बायबल होय का जी?” आणि फादर बहुतेक वेळा मान डोलावतात, कारण खरं उत्तर सांगायला बराच वेळ लागतो.

ते बायबल नसतं. त्यातला मोठा भाग बायबलमधलाच असतो, पण मांडणी अगदी वेगळी. त्या पुस्तकाचं नाव ब्रेव्हिअरी. कॅथलिक धर्मगुरूंनी दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायच्या प्रार्थनांचं ते पुस्तक आहे. मूळ लॅटिन शब्द ब्रेव्हिआरिउम. ‘ब्रेव्हिस’ म्हणजे आखूड, थोडकं. ब्रेव्हिआरिउम म्हणजे थोडक्यात केलेली मांडणी, गोषवारा. वकिलाच्या हातातली ब्रीफ, अधिकाऱ्यांचं ब्रीफिंग, ब्रीफकेस हे सगळे शब्द याच घराण्यातले.

हजाराच्या वर पानं, पुष्कळदा चार-चार खंड, आणि नाव मात्र ‘थोडक्यात’. हे नाव विसंगत वाटतं खरं. पण हा गोषवारा नेमका कशाचा, हे समजलं की नाव चपखल बसतं.

शब्द चर्चपेक्षा जुना आहे आणि त्याचा जन्म देवळात झालेला नाही. रोमन सम्राट ऑगस्टस इसवी सन १४ मध्ये वारला, तेव्हा मागं ठेवलेल्या कागदांत साम्राज्याचं एक ब्रेव्हिआरिउम होतं, असं चरित्रकार सुएटोनिअस नोंदवतो. कोणत्या ठिकाणी किती सैन्य आहे, खजिन्यात किती पैसा आहे, किती कर येणं बाकी आहे, याचा तो तक्ता. तत्त्वज्ञ सेनेका आपल्या एका पत्रात या शब्दावर नाक मुरडतो. त्याचं म्हणणं असं की, ज्याला लोक आता सर्रास ब्रेव्हिआरिउम म्हणतात त्याला पूर्वी, आपण नीट लॅटिन बोलत होतो तेव्हा, सुम्मारिउम म्हणत. म्हणजे पहिल्या शतकातल्या सुशिक्षित माणसाला हा शब्द नवा आणि थोडा बाजारी वाटत होता. पुढं चौथ्या शतकात एउत्रोपिउसनं सम्राट वालेन्ससाठी रोमचा सगळा इतिहास आटपून लिहिला, त्यालाही हेच नाव. सन ५०६ मध्ये व्हिसिगॉथ राजा दुसरा अलारिक यानं रोमन कायद्यांचा संक्षेप करवून घेतला, तोही अलारिकचं ब्रेव्हिआरिउम म्हणून ओळखला जातो. सैन्याचा हिशेब, इतिहास, कायदा: पसारा मोठा असला आणि तो एका हातात मावायला हवा असला की हा शब्द वापरला जायचा.

आता प्रार्थनेचा पसारा केवढा होता ते पाहू. इथं थोडं थांबावं लागेल, कारण सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

ठरलेल्या वेळी प्रार्थना करण्याची रीत ख्रिस्ती लोकांनी ज्यू परंपरेतून घेतली. बायबलमधल्या ११९ व्या स्तोत्रात भक्त म्हणतो की मी दिवसातून सात वेळा तुझी स्तुती करतो, आणि त्याच स्तोत्रात मध्यरात्री उठून तुझे आभार मानतो, असंही म्हणतो. इटलीतल्या मोन्ते कासिनो इथं सन ५३० च्या सुमारास संत बेनेडिक्टनं मठवासीयांसाठी नियम लिहिले, तेव्हा ही दोन्ही वाक्यं त्यानं शब्दशः अमलात आणली. रात्रीची एक आणि दिवसाच्या सात अशा आठ प्रार्थना. रात्रीच्या प्रार्थनेला पुढं मॅटिन्स म्हणू लागले. पहाटे उजाडताना लॉड्स, म्हणजे स्तुती. दिवसाच्या पहिल्या तासाला प्राइम, तिसऱ्याला टर्स, सहाव्याला सेक्स्ट, नवव्याला नोन. दिवेलागणीला व्हेस्पर्स, आणि निजण्यापूर्वी कॉम्प्लिन, म्हणजे दिवस पुरा करणारी.

हे तास घड्याळाचे नव्हेत. रोमन पद्धतीत सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळाचे बारा सारखे भाग करत, त्यामुळं तास उन्हाळ्यात लांबायचा आणि हिवाळ्यात आखडायचा. आपल्याकडे नागपूरच्या अक्षांशावर हा हिशेब लावला तर जूनमधला तास साधारण ६७ मिनिटांचा आणि डिसेंबरमधला ५४ मिनिटांचा होईल. रोम बरंच उत्तरेला असल्यानं तिथला फरक आणखी मोठा: जूनमध्ये साधारण ७६ मिनिटं, डिसेंबरमध्ये साधारण ४५. सहावा तास म्हणजे मात्र नेहमीच ऐन मध्यान्ह. स्पेनमध्ये त्या सहाव्या तासाच्या, सेक्स्ताच्या वेळी उन्हात काम थांबवून आडवं व्हायची सवय होती, आणि तिलाच ‘सिएस्ता’ नाव पडलं. नवतपात दुपारी बारा ते चार गाव सुनसान होतं, कडुनिंबाखाली बाजेवर माणसं पडलेली असतात, तीच ही सिएस्ता, आणि तिचं नाव प्रार्थनेच्याच तासाचं आहे. नववा तास, नोना, म्हणजे दुपारचे साधारण तीन. इंग्रजीत दुपारी बाराला जो ‘नून’ शब्द आहे तो याच नोनाचा. मध्ययुगात ही प्रार्थना आणि तिच्यानंतरचं जेवण हळूहळू अलीकडे सरकलं आणि शब्दही तीनवरून बारावर येऊन बसला.

आपल्याकडेही अहोरात्रीचे प्रहर आठच. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, आकडा योगायोगानं जुळला आहे. पण दिवसाचे तुकडे पाडून प्रत्येकाला नामस्मरण बांधून ठेवणं आपल्या गावांना अनोळखी नाही. कार्तिकात पहाटेचा काकडा असतो, संध्याकाळी देवळात हरिपाठ असतो, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीपासून गावोगावी गेलेली पहाटेचं सामुदायिक ध्यान नि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना तर आजही ठरल्या वेळी होते. मशिदीतली पाच वेळची अजान गावात सगळेच ऐकतात. त्यामुळं आठ वेळा प्रार्थना म्हटल्यावर विदर्भातल्या वाचकाला नवल वाटू नये.

या आठ वेळांना म्हणायचं काय? मुख्यतः स्तोत्रं. बायबलमध्ये १५० स्तोत्रं आहेत, आणि बेनेडिक्टचा नियम असा की आठवड्यात ती सगळी एकदा तरी झालीच पाहिजेत. त्याचं यावरचं वाक्य मला फार आवडतं. आपले पूर्वज हे सगळं एका दिवसात उत्साहानं पुरं करत असत, आपण कोमट माणसं, निदान आठवड्यात तरी करू या, अशा अर्थाचं तो लिहितो. त्याच्या आधी हेही सांगतो की स्तोत्रांची ही वाटणी कुणाला पटली नाही तर त्यानं दुसरी करावी, फक्त आठवड्याला १५० चुकू नयेत. नियम कडक आहे, पण तो लिहिणारा माणूस हट्टी नव्हता.

स्तोत्रांच्या जोडीला गीतं, बायबलमधले धडे, जुन्या आचार्यांची प्रवचनं, हुतात्म्यांच्या चरित्रांतले उतारे, आणि त्या-त्या सणाच्या खास प्रार्थना. यातल्या एकेका गोष्टीचं वेगळं पुस्तक असायचं. स्तोत्रांचं एक, धृपदांसारख्या गायच्या ओळींचं एक, गीतांचं एक, बायबलचे मोठे खंड, प्रवचनांचा संग्रह, संतचरित्रांचा संग्रह, अध्यक्षानं म्हणायच्या प्रार्थनांचा संग्रह. हे सगळं चामड्याच्या पानांवर हातानं लिहिलेलं. त्यातली काही पुस्तकं एवढी मोठी की लाकडी घोडीवर ठेवून दहा-बारा जण समोर उभं राहून एकाच पानावरून गात. मठात याची अडचण नव्हती. पुस्तकं जागची हलत नसत आणि माणसंही मठ सोडत नसत.

अडचण झाली प्रवासाची. आणि त्याहून आधी, कोणत्या दिवशी कोणत्या पुस्तकातलं काय घ्यायचं, हे शोधण्याची. मोन्ते कासिनोलाच अकराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली एक हस्तलिखित पोथी ‘ब्रेव्हिआरिउम, म्हणजेच वर्षभराच्या प्रार्थनांचा क्रम’ अशा मथळ्यानं सुरू होते. अशा क्रमाच्या वह्यांत प्रार्थना पूर्ण लिहीत नसत. पहिले दोन-तीन शब्द द्यायचे, बाकीचं पाठ असायचं किंवा मोठ्या पुस्तकात असायचं. हळूहळू त्या सुरुवातीच्या शब्दांच्या जागी पूर्ण मजकूर आला, संगीताच्या खुणा गाळल्या, लांबलचक धडे कापून काही ओळींवर आणले, आणि पुस्तकांची रास एका बांधणीत आली. नाव मात्र तेच राहिलं. म्हणून ब्रेव्हिअरी हा एका पुस्तकाचा संक्षेप नाही. तो एका मांडणीभर पुस्तकांचा संक्षेप आहे, आणि त्या मापानं हजार पानं खरोखरच थोडी आहेत.

कापाकापीला जोर आला तो रोममध्ये, पोपच्या कचेरीत. बाराव्या-तेराव्या शतकात तिथल्या धर्मगुरूंना कारभाराची कामं भरपूर, प्रवासही भरपूर. मठाइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता, म्हणून त्यांनी आपली आटोपशीर पद्धत बसवली. ती तिथंच राहिली असती. ती जगभर गेली ती भिक्षेकऱ्यांमुळं.

असिसीचा फ्रान्सिस आणि त्याचे सोबती मठात बसणारे नव्हते. पायी फिरायचे, मागून खायचे, चौकात उभं राहून बोलायचे. त्यांच्या संघाचे नियम १२२३ मध्ये पोपनं मंजूर केले. त्यातल्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलं आहे की शिकलेल्या बंधूंनी रोमन चर्चच्या पद्धतीनं प्रार्थना म्हणाव्यात आणि त्यासाठी त्यांना ब्रेव्हिअरी जवळ बाळगता येईल. ज्या संघात पैसा जवळ ठेवायला मनाई होती, घर स्वतःचं म्हणायला मनाई होती, तिथं हे एक पुस्तक ठेवायची मुभा मिळाली. पुढं १२४० च्या दशकात संघाचे प्रमुख इंग्लंडचे हायमो ऑफ फॅव्हरशॅम यांनी त्यातल्या सूचना नीट लावून दिल्या, आणि पायी फिरणाऱ्या बंधूंच्या झोळीतून हे रोमन पुस्तक युरोपभर पसरलं.

फ्रान्सिसला स्वतःला मात्र या पुस्तकाची धास्ती वाटायची. त्याच्या सोबत्यांनी सांगून ठेवलेली एक हकीकत आहे. एका नवख्या बंधूला स्तोत्रांचं पुस्तक हवं होतं. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. फ्रान्सिस शेकोटीपाशी बसला होता. तो म्हणाला, आज तुला स्तोत्रांचं पुस्तक मिळालं की उद्या ब्रेव्हिअरी हवीशी वाटेल, आणि ब्रेव्हिअरी मिळाली की मोठ्या धर्माधिकाऱ्यासारखा खुर्चीत बसून भावाला सांगशील, ‘जा, माझी ब्रेव्हिअरी आण.’ मग त्यानं चुलीतली राख उचलली आणि डोकं धुतात तशी आपल्याच डोक्याला चोळत म्हणत राहिला, “मी ब्रेव्हिअरी! मी ब्रेव्हिअरी!” तेराव्या शतकात पुस्तक ही श्रीमंतीची वस्तू होती. एका पोथीसाठी कितीतरी जनावरांची कातडी लागत आणि लेखनिकाचे महिनेच्या महिने जात. त्या काळात एका भिकाऱ्याच्या हाती पुस्तक आलं तर त्याच्या मनात काय-काय येईल, हे फ्रान्सिसला नेमकं कळत होतं. तरी त्यानं स्वतः वापरलेली ब्रेव्हिअरी असिसीत संत क्लाराच्या चर्चमध्ये आजही जपून ठेवलेली आहे. त्याला पुस्तक नको नव्हतं. पुस्तकामुळं भावाला नोकर समजणारा माणूस नको होता.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय, हेही त्याच प्रकरणात सांगितलं आहे, आणि माझ्या मते ते पुस्तकाच्या परवानगीपेक्षा महत्त्वाचं आहे. निरक्षर बंधूंनी ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना म्हणावी: रात्री २४ वेळा, पहाटे ५ वेळा, पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासाला प्रत्येकी ७ वेळा, सायंकाळी १२ वेळा आणि निजताना ७ वेळा. बेरीज ७६. ज्याच्याकडे अक्षर नाही त्यालाही दिवसाचे तेच आठ थांबे, आणि म्हणायला असं काही जे लहानपणापासून पाठ आहे. जपमाळेचंही असंच. १५० स्तोत्रं वाचू न शकणाऱ्या लोकांनी १५० वेळा ‘नमो मारिया’ म्हणायची, म्हणून तिला मारियेचं स्तोत्रपुस्तक असंही म्हणत. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी माळेत आणखी पाच रहस्यं, म्हणजे दहा-दहा ‘नमो मारिया’ म्हणताना मनात आणायचे येशूच्या आयुष्यातले प्रसंग, सुचवली; तोपर्यंत स्तोत्रांचा आणि माळेचा आकडा एकच होता. आज विदर्भातल्या कॅथलिक घरात संध्याकाळी आजी मणी ओढत असते, तिचा संबंध फादरांच्या त्या जाड पुस्तकाशी असा आहे.

कॅथलिक पुस्तकांची बाकीची नावंही पाहावीत, कारण त्यांत एक समान धागा दिसतो. वेदीवर जे मोठं पुस्तक असतं ते मिसल, म्हणजे मिस्साचं, कॅथलिकांच्या मुख्य उपासनेचं पुस्तक. आणि मिस्सा हा शब्द आला उपासनेच्या अगदी शेवटच्या लॅटिन वाक्यातून, ‘इते, मिस्सा एस्त’. म्हणजे साधारण ‘जा, सभा सुटली आहे.’ सगळ्यात पवित्र विधीला नाव मिळालं ते निरोपाच्या वाक्याचं. मिसलही असंच तीन-चार पुस्तकं एकत्र करून झालं आहे, कारण खेड्यातल्या एकट्या पुजाऱ्याला गायक, वाचक आणि सहायक असं सगळं स्वतःच व्हावं लागे. गायनाचं पुस्तक ग्रॅज्युअल, कारण त्यातलं गीत पायरीवर उभं राहून म्हणत आणि ‘ग्रादुस’ म्हणजे पायरी. जुन्या इंग्लंडमध्ये ब्रेव्हिअरीलाच ‘पोर्टस’ म्हणत; फ्रेंचमध्ये त्याचा मूळ अर्थ बाहेर घेऊन जायचं. छपाई आल्यावर ब्रेव्हिअरीत मावेल अशा बारीक टाइपालाही, आजच्या मापानं साधारण ८ पॉइंट, ‘ब्रेव्हिअर’ म्हणू लागले, तो या पुस्तकामुळंच असं समजतात. यातल्या एकाही नावात देव नाही, भक्ती नाही, पावित्र्य नाही. आहे ते कुठं उभं राहायचं, कसं न्यायचं, केव्हा उठायचं, किती आटपायचं. रोज वापरणाऱ्या माणसांनी ही नावं ठेवली, विद्वानांनी नाही, असं मला ठामपणे वाटतं.

लाल आणि काळी शाई हाही याच वापराचा भाग. ब्रेव्हिअरीचं पान उघडलं की दोन रंग दिसतात. काळं ते म्हणायचं. लाल ते फक्त पाळायचं, म्हणजे उभं राहा, वाका, इथं हे गाळा, सणाचा दिवस असेल तर अमुक पानावर जा. लाल रंगाला लॅटिनमध्ये रुबेर, म्हणून या सूचना म्हणजे रुब्रिक. आपल्या जुन्या हस्तलिखित पोथ्यांत हिंगुळानं दंड आणि ओवीचे आकडे लाल केलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही सोय लगेच कळेल. फितींचं कारणही तेच. एका वेळच्या प्रार्थनेसाठी तीन-चार जागी जावं लागतं: आठवड्याच्या त्या दिवसाची स्तोत्रं एकीकडे, उपवासकाळ किंवा नाताळाचा काळ असेल तर त्याचा भाग दुसरीकडे, आणि त्या दिवशी एखाद्या संताचा सण असेल तर तो मागं. एसटीत फादर पुढं-मागं पानं उलटताना दिसतात ते म्हणून.

पुढचा इतिहास थोडक्यात. सोळाव्या शतकापर्यंत जवळजवळ प्रत्येक प्रांताची, प्रत्येक संघाची ब्रेव्हिअरी वेगळी झाली होती. ट्रेंटच्या धर्मसभेनंतर १५६८ मध्ये पोप पाचवे पायस यांनी एकच रोमन ब्रेव्हिअरी लागू केली. फक्त ज्यांची परंपरा दोनशे वर्षांहून जुनी होती त्यांना आपली ठेवायला मोकळीक दिली. १९११ मध्ये पोप दहावे पायस यांनी स्तोत्रांची आठवड्याची वाटणी नव्यानं केली. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनं १९६३ मध्ये प्राइम ही प्रार्थना काढून टाकायचं ठरवलं, आणि १९७० नंतर आलेल्या नव्या पुस्तकात स्तोत्रं एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांवर पसरली. बेनेडिक्टच्या कोमट माणसांपेक्षा आपण आणखी निवांत झालो, असं कुणी म्हणेल, पण शाळा, दवाखाना आणि दहा गावं सांभाळणाऱ्या धर्मगुरूकडे पाहिलं तर हा बदल योग्यच वाटतो. सकाळ आणि संध्याकाळ या आता मुख्य प्रार्थना, आणि पूर्वी मध्यरात्रीची असलेली वाचनाची प्रार्थना दिवसात कधीही करता येते. लॅटिनऐवजी स्थानिक भाषाही तेव्हापासून चालू झाली. पुस्तकाचं अधिकृत नावही बदललं: ‘तासांची उपासना’. जुने फादर अजून ब्रेव्हिअरीच म्हणतात.

ही प्रार्थना धर्मगुरूंवर बंधनकारक आहे. सिस्टर आपापल्या संघाच्या नियमाप्रमाणं ती म्हणतात, आणि सामान्य माणसांनीही म्हणावी असं चर्चचं आग्रहाचं सांगणं आहे. गावात ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच, असं मात्र समजू नये. अकोला, बुलडाणा भागात अलायन्स मिशनची जुनी प्रोटेस्टंट मंडळी आहेत. त्यांच्या घरी बायबल असतं, गीतांचं पुस्तक असतं, ब्रेव्हिअरी नसते.

आणि कॅथलिकांतही एकच पद्धत नाही. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये झाला, अमरावतीचा १९५५ मध्ये. हे दोन्ही लॅटिन परंपरेचे, म्हणून परतवाड्याच्या गाडीतलं ते पुस्तक ब्रेव्हिअरी. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे गेलात तर तिथं चांदा धर्मप्रांत लागतो, त्याची गादी बल्लारपूरला. १९६२ मध्ये हा भाग केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला गेला आणि १९७७ मध्ये तो रीतसर धर्मप्रांत झाला. सिरो-मलबार परंपरा रोमहून आलेली नाही, ती पूर्वेची, सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेतली. त्यामुळं गडचिरोलीच्या वाटेवरच्या फादरांच्या हातात तसंच जाड, फिती लावलेलं पुस्तक दिसलं तरी त्याला ब्रेव्हिअरी म्हणणं बरोबर होणार नाही. हे फादर मल्याळममध्ये आपल्या प्रार्थनांना ‘यामप्रार्थना’ म्हणतात. याम म्हणजे प्रहर. रात्रीला आपण यामिनी म्हणतो त्यातला. वेळांची जुनी नावं सिरियाक आहेत: संध्याकाळची रम्शा, रात्रीची लेल्या, सकाळची सप्रा. लेल्या ऐकून उर्दूतला लैल आठवला तर ते खरंच आहे, दोन्ही शब्द भाऊ आहेत. यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, म्हणून रम्शा पहिली.

त्या परंपरेतही वर्षभराच्या प्रार्थना एका ग्रंथात आणण्याचं काम झालं, तेही रोमच्या कितीतरी आधी, सातव्या शतकात, पूर्वेकडच्या चर्चचे प्रमुख तिसरे ईशोयाब यांच्या काळात. त्यांनी आपल्या पुस्तकाचं नाव लांबी-रुंदीवरून ठेवलं नाही. ते ठेवलं ‘हुद्रा’. सिरियाकमध्ये हुद्रा म्हणजे चक्र, फेरा: येशूच्या जन्माची वाट पाहण्याच्या काळापासून सुरू होऊन वर्ष फिरून पुन्हा तिथंच येतं, तो फेरा.